मांजर वेगळंच ओरडतंय? आधी वाळूचा ट्रे बघा

नवीन मांजर घरात आलं की पहिले काही आठवडे त्याच्या प्रत्येक आवाजाला कुणीतरी दचकतं. मग सवय होते आणि कुणीच दचकत नाही. गडबड होते ती या दुसऱ्या काळात. बोका संध्याकाळपासून ओरडतोय, "आज फारच लाडात आलाय" म्हणून सगळे हसतात, आणि सकाळी त्याला धड उभंही राहता येत नाही. हा लेख मुख्यतः त्या बोक्यासाठी आहे. बाकीचे आवाज ओघाने येतील.

"अमुक आवाज म्हणजे अमुक आजार" असा तक्ता कुणी दिला तर त्यावर फार विसंबू नका. मोठी मांजरं आपापसांत म्याव फारसं करतच नाहीत. पिल्लू आईला हाक मारतं ते म्याव, आणि मोठेपणी मांजर तीच हाक माणसांसाठी वापरत राहतं. कुठल्या आवाजाला तुम्ही उठता, कुठल्या आवाजाला खाण्याचा डबा उघडता, हे पाहत ते आपली भाषा तुमच्यापुरती घडवतं. त्यामुळे शेजारच्या मांजराचं भुकेचं ओरडणं आणि तुमच्या मांजराचं दुखण्याचं ओरडणं कानाला अगदी सारखं लागू शकतं. डॉक्टरकडे जायचं की नाही, हे ठरवताना दोनच प्रश्न विचारायचे. आवाज त्याच्या नेहमीच्या आवाजापेक्षा बदलला आहे का? आणि सोबत लघवी, श्वास, खाणं, चालणं यांतलं काही बदललं आहे का?

पायरी १ : धडधाकट असतानाचा आवाज ओळखून ठेवा

मिल्ड्रेड मोल्क या संशोधिकेने १९४४ साली घरगुती मांजरांचे आवाज सोळा प्रकारांत मांडले. सोळाही पाठ करायची गरज नाही, तिने केलेले तीन मोठे गट पुरतात. पहिला गट तोंड मिटून काढलेल्या आवाजांचा: घुरघुर, किंवा तुम्ही दारातून आत आल्यावर येतो तो छोटा "र्र्रूं". हे बहुतेक वेळा खुशालीचे. दुसरा तोंड उघडून हळूहळू मिटत काढलेल्यांचा, म्हणजे सगळे म्यावचे प्रकार. यात मागणी असते, तक्रार असते, कधी नुसती चौकशी. तिसरा गट तोंड ताणून उघडंच ठेवून काढलेल्या आवाजांचा: गुरगुरणं, फिसकारणं, भांडण, माजाची आरोळी, वेदनेची किंकाळी. या तिसऱ्या गटातला आवाज आला आणि समोर दुसरं मांजर किंवा दुसरं काही कारण दिसत नसेल, तर हातातलं काम टाकून बघायला जायचं.

खिडकीत बसून कबुतराकडे बघताना जबडा थरथरवत काढलेला "कॅकॅकॅ" हा आवाज ऐकून नवे पालक हमखास घाबरतात. त्यात काही नाही, शिकार हाताला लागत नाही याची ती चडफड असावी.

मांजर ठणठणीत असताना मोबाइलवर त्याचे थोडे व्हिडिओ काढून ठेवा: जेवणाआधीचा, दाराशी बसून ओरडतानाचा, ट्रेमधून बाहेर येतानाचा, आणि एक शांत झोपेतला. झोपेतला कशाला, ते पुढे येतं. जातीचाही थोडा फरक असतो. सयामी मांजरं मुळातच बडबडी. पर्शियन मांजरांचं नाक चपटं असल्यामुळे ती झोपेत घोरतात. पण जे मांजर कधी घोरत नव्हतं ते अचानक घोरायला लागलं, तर तो बदल म्हणून धरायचा, जात कुठलीही असो.

घुरघुरण्याबद्दल मात्र सावध राहा. मांजर सुखात घुरघुरतं हे खरं, पण आजारी असताना, पिल्लं होताना, डॉक्टरच्या टेबलावरही घुरघुरतं. कोपऱ्यात अंग चोरून बसलेलं, सकाळपासून न खाल्लेलं मांजर घुरघुरतंय म्हणजे बरं आहे, असं समजू नका. घुरघुर माणसावर किती चालते याचाही अभ्यास झाला आहे. २००९ मध्ये ससेक्स विद्यापीठाच्या कॅरन मॅकोंब आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की खाणं मागताना काही मांजरं घुरघुरीतच एक उंच, रडका सूर मिसळतात आणि तो ऐकून माणसाला उठल्यावाचून राहवत नाही. पहाटे पाच वाजता तुमच्या उशाशी होतं ते हेच.

पायरी २ : उचलू नका, दोन मिनिटं बघा

विचित्र ओरडणं ऐकलं की आपण धावत जाऊन मांजराला छातीशी धरतो. दुखणारं मांजर अशा वेळी चावतं, आणि मांजराचा चावा खोल जाऊन बऱ्याचदा पिकतो. शिवाय उचलल्यावर ते काय करत होतं हेच कळत नाही. म्हणून थोडं दूर बसा, फोनवर चित्रण सुरू करा आणि बघा.

ओरडताना ते कुठे आहे? ट्रेमध्ये, बाथरूमच्या कोपऱ्यात, पलंगाखाली, की खिडकीशी? मागचे दोन्ही पाय नीट टाकतंय का? तोंड उघडं ठेवून श्वास घेतंय का? चेहऱ्याकडेही बघा. मॉन्ट्रियल विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी २०१९ मध्ये मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना मोजायची पद्धत प्रसिद्ध केली. कान, डोळे, नाकाभोवतालचा भाग, मिशा आणि डोकं या पाच गोष्टींना शून्य ते दोन गुण द्यायचे, आणि दहापैकी चार किंवा जास्त झाले तर वेदनेवर उपचार हवेत असं धरायचं. घरी गुण मोजत बसला नाहीत तरी चालेल. कान बाजूला पडलेले, डोळे अर्धवट मिटलेले, तोंडाचा भाग आवळलेला, मिशा ताठ पुढे आलेल्या आणि डोकं खांद्यांच्या खाली झुकलेलं, असं चित्र दिसलं तर मांजराला दुखतंय.

श्वास मोजणं पाच मिनिटांत जमतं. मांजर गाढ झोपेत असताना छाती वर जाऊन खाली आली की एक श्वास. पंधरा सेकंद मोजा आणि चारने गुणा. झोपेतला आकडा साधारणपणे मिनिटाला तीसच्या आत राहतो. पुन्हा पुन्हा तीसच्या वर जात असेल तर डॉक्टरांना फोन करा. कुत्रा जीभ काढून धापा टाकतो ते स्वाभाविक. मांजराने आरामात बसलेलं असताना तोंड उघडून श्वास घेणं स्वाभाविक नाही.

हिरड्याही बघून घ्या, अर्थात ते बघू देत असेल तर. गुलाबी हव्यात. पांढऱ्याफटक, निळसर किंवा पिवळ्या असतील तर लगेच निघा. केशरी मांजरांच्या ओठांवर आणि हिरड्यांवर काळे ठिपके असतात, त्यांना घाबरू नका.

पायरी ३ : आता ट्रे

बोका पुन्हा पुन्हा ट्रेमध्ये जातोय, बसून जोर करतोय, ओरडतोय, बाहेर येऊन लघवीची जागा चाटतोय आणि ट्रेमध्ये लघवीने भिजलेल्या वाळूची गाठ काही दिसत नाही. एवढं पाहिलंत की पुढचं वाचायचं सोडा आणि डॉक्टरांना फोन करा. रात्रीचे दोन वाजले असले तरी.

बोक्याची मूत्रनलिका टोकाला फार अरुंद असते. चिकट स्राव आणि खड्यांचे बारीक कण मिळून तिच्यात बूच बसतं, किंवा सूज येऊन ती आवळते. लघवी अडली की मूत्राशय फुगत जातं, मूत्रपिंडांचं काम थांबतं आणि रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडतात. एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. पहिल्या टप्प्यात ओरडणं असतं, दुसऱ्यात उलट्या सुरू होतात, आणि मग बोका शांत होतो. घरच्यांना वाटतं, बरं वाटतंय वाटतं त्याला. खरं तर आता ओरडायची ताकद उरलेली नसते.

नवख्यांची सगळ्यात मोठी फसगत होते ती "पोट साफ होत नाहीये" असं वाटण्यात. कुंथायची बैठक दोन्हींत सारखीच दिसते. मग कुणी एरंडेल पाजतं, कुणी तूप चाटवतं, आणि त्यात अख्खा दिवस जातो. शंका असेल तर लघवी अडली आहे असंच धरून चाला. मागच्या पायांच्या पुढे पोटात मोसंबीएवढा घट्ट गोळा हाताला लागला तर संशयच नको. तो गोळा दाबून लघवी काढायचा प्रयत्न मात्र करू नका, मूत्राशय फुटू शकतं. नसबंदी केलेल्या बोक्यालाही हे होतं. एखाद-दुसरा लालसर थेंब पडला म्हणजे मार्ग मोकळा झाला असंही नाही.

फोनवर नेमकं विचारा: "बोक्याची लघवी अडली आहे. बेशुद्ध करून कॅथेटर घालायची सोय तुमच्याकडे आत्ता आहे का?" नसेल तर कुठे आहे ते विचारा आणि थेट तिकडे जा. नळी घालून मार्ग मोकळा करतात, सलाईन देतात आणि बहुतेक वेळा काही दिवस दवाखान्यातच ठेवतात.

मांजरीत मूत्रमार्ग पूर्ण बंद होणं क्वचित घडतं, पण मूत्राशयाला सूज येऊन ट्रेमध्ये ओरडणं, ट्रेबाहेर थोडी थोडी लघवी करणं, असं होतं. तिला त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी दाखवा. या दुखण्यामागे बऱ्याचदा मनावरचा ताण असतो: दिवाळीचे फटाके, घरातलं रंगकाम, पाहुण्यांची वर्दळ, नवीन आलेलं दुसरं मांजर. अशा दिवसांत ट्रे साफ करण्याचं काम कुणावर तरी सोपवाच, आणि किती गाठी निघाल्या ते त्याला विचारा. नुसतं कोरडं खाणं देत असाल तर ओलं खाणं वाढवा, पाण्याच्या दोन-तीन वाट्या वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा.

पायरी ४ : बाकीचे, न थांबता निघायचे प्रसंग

अचानक एक किंकाळी, आणि मागचे पाय लुळे पडून मांजर पुढच्या पायांवर स्वतःला ओढतंय. पायांचे तळवे गार लागतात. हृदयविकारात तयार झालेली रक्ताची गुठळी पायांकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत अडकली की असं होतं. वेदना भयंकर असते. मालिश नको, शेक नको, थेट दवाखाना गाठा.

गॅलरीतून किंवा खिडकीतून पडलेलं मांजर ओरडत नसलं तरी दाखवायचं. छातीत हवा भरणं, जबडा फुटणं, मूत्राशय फाटणं यांतलं काहीच बाहेरून दिसत नाही.

तोंडातून किंवा शेपटीखालून दोरा लोंबतोय: ओढू नका. आतड्यात अडकलेला दोरा ओढला की आतडं कापलं जातं. शिवणाचा दोरा, मांजा, राखीची जर, तोरणाची चमकी ही नेहमीची कारणं आहेत.

व्यायला लागलेली मांजर अर्धा तास जोरात कळा देतेय, ओरडतेय आणि पिल्लू बाहेर येत नाही, तर निघा.

उलट एक शांत प्रसंग. जिन्यात सापडलेलं पोरकं पिल्लू सतत ओरडतंय तोवर त्यात जीव आहे. ते गार पडलं आणि गप्प झालं तर धोका जास्त. आधी कपड्यात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली जवळ ठेवून ऊब द्या. गार पिल्लाला दूध पाजायचं नाही, ते पचत नाही आणि फुप्फुसात जाऊ शकतं. ऊब आल्यावर डॉक्टरांना विचारून मांजराच्या पिल्लांचं तयार दूध द्या.

पायरी ५ : रात्रभर हंबरडा, पण खाणं-पिणं ठीक

साधारण सहा महिन्यांची, कधी चार महिन्यांचीच, मांजर अचानक तान्ह्या बाळासारखी रडते. जमिनीवर लोळते, पुढून खाली वाकून मागचा भाग वर उचलते, शेपूट एका बाजूला घेते. "हिच्या पाठीला काहीतरी लागलंय" म्हणून घाईघाईने दवाखान्यात आणलेल्या अशा कितीतरी मांजरी माजावर आलेल्या निघतात. पाठीवरून हात फिरवला की ती मागचा भाग आणखी वर उचलते. पाठ खरोखर दुखत असती तर फिसकारली असती.

माज साधारण आठवडाभर राहतो, आणि बोका भेटला नाही तर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा येतो. मांजरीचा माज दिवसाच्या उजेडाशी बांधलेला असतो. आपल्याकडे हिवाळ्यातही दिवस फार लहान होत नाही, त्यात घरातले दिवे, म्हणून हा कार्यक्रम वर्षातला बराच काळ चालू राहू शकतो. रात्री मांजर रडलं की कुणीतरी जाणार, अशी कुजबुज बिल्डिंगमध्ये अजून होते. जात कुणी नाही. नऊ आठवड्यांनी जिन्याखाली चार पिल्लं मात्र येतात.

याला खरा इलाज नसबंदी. माज थांबवायच्या हार्मोनच्या गोळ्या दुकानातून आणून देऊ नका. त्यांनी गर्भाशयात पू होणं, स्तनांच्या गाठी, मधुमेह असे त्रास होऊ शकतात. माज संपून काही आठवड्यांनी मांजर सुस्त झाली, पाणी फार प्यायला लागली किंवा शेपटीखालून घाण स्राव दिसला तर तो गर्भाशयातला पू असू शकतो. त्याच दिवशी दाखवा. आणि नसबंदी झालेली मांजर माजासारखी ओरडायला लागली तर अंडाशयाचा तुकडा आत राहून गेला असण्याची शक्यता असते. डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा.

पायरी ६ : आवाज बसला, घोगरा झाला, किंवा निघतच नाही

सोबत शिंका, डोळ्यांतून पाणी, चोंदलेलं नाक असेल तर बहुधा मांजरांची सर्दी. हर्पीस आणि कॅलिसी हे दोन विषाणू तिच्या मुळाशी असतात. माणसाला ती लागत नाही. मांजर खात-पीत असेल तर एक-दोन दिवस बघायला हरकत नाही. नाक चोंदलं की वास येत नाही, वास आला नाही की मांजर खात नाही, म्हणून खाणं किंचित कोमट करून द्या. पण चोवीस तास काहीच खाल्लं नाही तर दाखवा. विशेषतः जाड मांजर उपाशी राहिलं की चरबी यकृतात साठून वेगळंच संकट उभं राहतं. लहान पिल्लाच्या बाबतीत एवढीही वाट बघू नका.

सर्दी नसताना आवाज बदलला आणि आठवडाभर तसाच राहिला, तर घशात गाठ, काहीतरी अडकलेलं किंवा स्वरयंत्राचा लकवा असू शकतो. मान पुढे ताणून, अंग जमिनीला टेकवून खोकल्यासारखा आवाज काढणाऱ्या मांजराला "केसांचा गोळा अडकलाय" म्हणून सोडून देतात. गोळा कधीच बाहेर पडत नसेल तर दम्याची तपासणी करून घ्या. व्हिडिओ इथे फार उपयोगी पडतो, कारण दवाखान्यात मांजर एकदाही खोकत नाही.

आवाज बदलण्याचं आणखी एक कारण आपल्या देशात विसरून चालत नाही, ते म्हणजे रेबीज. लस न दिलेलं, बाहेर फिरणारं किंवा कुत्रा चावलेलं मांजर विचित्र आवाजात ओरडतंय, लाळ गळतेय, झोकांड्या खातंय किंवा कारण नसताना अंगावर येतंय, तर त्याला हात लावू नका. मुलांना लांब ठेवा आणि पशुवैद्यांना कळवा. चावलं किंवा ओरखडलं तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन लस घ्या. हळद, चुना, तिखट काहीही लावायचं नाही. तुमच्या मांजराला तीन महिन्यांच्या वयापासून रेबीजची लस देता येते. घराबाहेर जात नसलं तरी द्या.

पायरी ७ : म्हातारं मांजर रात्री ओरडतं

दहा वर्षांपुढचं मांजर मध्यरात्री हॉलमध्ये उभं राहून मोठ्याने ओरडायला लागलं, की "वय झालं" म्हणून विषय संपतो. तो तिथे संपवू नका. थायरॉइड वाढलेलं मांजर भरपूर खातं तरी वाळत जातं, अस्वस्थ फिरतं आणि रात्री ओरडतं. रक्ताच्या तपासणीत ते कळतं आणि औषधं आहेत. मूत्रपिंडाच्या आजारात पाणी आणि लघवी वाढते. रक्तदाब वाढून अचानक अंधत्व येऊ शकतं. कमी ऐकू येणारं मांजर स्वतःचाच आवाज कळत नसल्याने जोरात ओरडतं. सांधे दुखतात, ट्रेची उंच कड ओलांडताना त्रास होतो. विसरभोळेपणाचा आजारही मांजरांना होतो, पण हे सगळं तपासून झाल्यावर त्या निदानाकडे वळायचं. रात्री हॉलमध्ये मंद दिवा ठेवला आणि ट्रेची कड खाली घेतली तर बराच फरक पडतो.

पायरी ८ : घरातली औषधं कपाटातच ठेवा

पॅरासिटामॉल मांजरासाठी विष आहे. क्रोसिनची एक गोळी जीव घ्यायला पुरे. मांजराच्या यकृतात ते औषध निष्प्रभ करायची सोयच जवळजवळ नसते, रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं, हिरड्या तपकिरी पडतात, चेहरा सुजतो. आयबुप्रोफेनही नको. कुत्र्याच्या गोचिडांसाठीचं परमेथ्रिनचं औषध मांजराच्या मानेवर टाकलं तर झटके येतात. डांबरगोळ्या, कांदा-लसूण आणि पुष्पगुच्छातली खरी लिली यांच्यापासूनही दूर ठेवा. लिलीचा परागकण अंगावर पडून चाटला गेला तरी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. यांतलं काही पोटात गेल्याची शंका असेल तर मीठ-पाणी पाजून उलटी काढायच्या भानगडीत पडू नका. वेष्टन सोबत घ्या आणि निघा.

पायरी ९ : दवाखान्यात जाताना

मांजर नुसतं हातात घेऊन रिक्षात बसू नका. पहिल्या हॉर्नला ते उडी मारेल आणि मग शोधत बसावं लागेल. झाकणाची पक्की टोपली किंवा कॅरिअर घ्या, आत त्याच्या वासाचा टॉवेल टाका, वरून चादर झाका. डॉक्टरांना सांगायच्या गोष्टी वाटेत फोनवर लिहून काढा: शेवटची लघवी कधी, शेवटचं खाणं कधी, उलट्या किती, लसी कुठल्या झाल्या, नसबंदी आहे का, घरातून कुठलं औषध दिलं का. औषध दिलं असेल तर लपवू नका, त्यावरून उपचार बदलतात. आणि व्हिडिओ दाखवा.

मुंबई-पुण्यात फक्त मांजर-कुत्री बघणारे दवाखाने मुबलक आहेत. परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट प्राण्यांचं रुग्णालय आहे. मुंबई, नागपूर, परभणी, शिरवळ आणि उदगीर इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतही मांजरं तपासतात. तालुक्याच्या गावी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना असतो. तिथला रोजचा राबता गाई-म्हशींचा असला तरी मांजराला ते परत पाठवत नाहीत, पण कॅथेटर किंवा रात्रीच्या शस्त्रक्रियेची सोय असेलच असं नाही. सरकारी पशुवैद्यकीय सेवेचा १९६२ हा टोल-फ्री क्रमांकही मुख्यतः पशुधनासाठी आहे, त्याच्या भरवशावर अडलेल्या बोक्याला घेऊन बसू नका. रात्री उघडा असणारा सगळ्यात जवळचा दवाखाना कुठला, हे मांजर धडधाकट असताना विचारून ठेवा.

घरी आणखी एखादं मांजर असेल तर परतल्यावर एक आवाज नक्की ऐकू येईल: फिसकारण्याचा. दवाखान्यातून आलेल्याच्या अंगाला औषधांचा आणि परक्या प्राण्यांचा वास लागलेला असतो, म्हणून काल एका ताटात जेवणारी दोघं आज एकमेकांवर गुरगुरतात. आलेल्याला पहिली रात्र वेगळ्या खोलीत ठेवा, आणि घरातल्या चादरीचा तुकडा त्याच्या टोपलीत टाका.